मक्याच्या वळणावर कोण बोलतं

पिंपळवंडीच्या शिवारात मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून माझ्या आक्काच्या वस्तीवर एक कच्चा रस्ता जातो. वर्षानुवर्षं त्याची ख्याती फक्त खड्ड्यांसाठी होती. गेल्या हिवाळ्यात मात्र त्याला बढती मिळाली. मधल्या वळणावर, मक्याच्या रानापाशी, दिवस मावळला की कुणीतरी बोलतं असं लोक सांगायला लागले. आधी विचारतं, कोण आहे तिकडं? मग म्हणतं, थांब, आलोच. आणि येत कुणीच नाही.

माझं घोडेगावला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाइकांकडून ही गोष्ट माझ्या कानावर आली, तेव्हा तिच्यात बरीच भर पडलेली होती. कुणाची मोटारसायकल तिथं आपोआप बंद पडत होती, कुणाच्या मागच्या सीटवर वजन बसत होतं. मी लई हसलो. दिवसभर सरकारी कागद बघणारा माणूस भुताला काय भिणार?

हसू थांबलं ते भाच्याचा फोन आल्यावर. तो चाकणला कंपनीत आहे. दाजी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि आक्का वस्तीवर दोन गायींसोबत एकटीच राहत होती. भाचा म्हणाला, दुधाचा टेम्पोवाला बाहेरगावचा, डिंगोऱ्याकडचा आहे, या आवाजाच्या भीतीनं संध्याकाळी वस्तीवर यायचा बंद झालाय. सकाळी येतो, पण संध्याकाळी फाट्यावरच थांबतो. त्यामुळं आई रोज दिवेलागणीला कॅन डोक्यावर घेऊन त्या वळणावरून फाट्यापर्यंत चालत जाते.

यातली भीती भुताची नव्हती. ऊसतोड सुरू झाली होती. ऊस गेला की त्यात राहणारे बिबटे उघड्यावर येतात आणि मिळेल त्या आडोशाला शिरतात. त्या वळणावर आता उभं पीक म्हणजे तो मकाच. पलीकडच्या वस्तीवरनं कुत्रं गेलं होतं, मग शेरडू गेलं होतं. वन खात्यानं फाट्यावर पाटी लावली होती की अंधार पडल्यावर एकट्यानं फिरू नये. आक्का त्याच पाटीखाली कॅन टेकवून टेम्पोची वाट बघायची.

मी भाच्याला म्हणालो, काळजी करू नकोस, मी जातो आणि त्या भुताचा निकाल लावतो. आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आक्काला मी आल्याचा आनंद झाला, पण कशासाठी आलोय ते ऐकून तो ओसरला. कशाला नसत्या नादी लागतोस, म्हणाली, दोन दिवस राहा, जेव, जा. मला वाटलं, बिचारी भ्यालीय. तिच्या वतीनं माझी छाती आणखी फुगली. त्या संध्याकाळी ती धार काढत असतानाच मी काठी आणि मोबाईल घेऊन तिच्या आधी वळणावर जाऊन उभा राहिलो.

उजेड जात होता. मक्याची पानं वाऱ्याशिवायही सळसळतात हे मला त्या दिवशी कळलं. मी मोठ्यानं खाकरलो. मग थोडं गाणं म्हणून पाहिलं, पण माझंच गाणं मला भेसूर वाटायला लागल्यावर बंद केलं. तेवढ्यात मक्यातून आवाज आला.

"कोण हाय रं तिकडं?"

भुताचा आवाज कसा असेल याची मी मनात तयारी केली होती. घोगरा, बायकी, रडका, काहीही चाललं असतं. पण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या लग्नात पंगतीला वाढताना तो ऐकला होता. तो माझ्या दाजींचा आवाज होता. त्यांच्या तिरडीला मी खांदा दिला होता.

"थांब, आलोच," दाजी म्हणाले.

मी थांबलो नाही. काठी तिथंच पडली, एक चप्पल पाटाच्या चिखलात राहिली, मी त्याच चिखलात एकदा पालथा पडलो आणि उठून पळालो. पळालो तेही वस्तीकडं नाही, फाट्याकडं. आक्का कॅन घेऊन त्याच रस्त्यानं मागून येणार आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी टेम्पोवाला उभा होता आणि आणखी पाचसहा जण होते. तिथं मी जे केलं ते पळण्यापेक्षा वाईट. चिखलानं भरलेल्या अवतारात मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आवाज खरा आहे आणि तो आमच्या दाजींचा आहे. तोवर बिननावाचं असलेलं भूत मी नावागावासकट लोकांच्या स्वाधीन केलं. टेम्पोवाल्यानं कानाला हात लावले. म्हणाला, "भाऊ, आता सकाळचंबी जमायचं न्हाई."

थोड्या वेळानं आक्का कॅन घेऊन शांतपणे चालत आली. तिच्या दुसऱ्या हातात माझी काठी होती.

सकाळी उजेडाच्या जोरावर मी पुन्हा गेलो. मक्याचा मालक पाणी देत होता. माझ्या पायातली आक्काची चप्पल बघून त्यानं हसू दाबलं आणि मला सरळ रानात नेलं. पाटापासून चार ओळी आत खांबावर भोंगा होता, खाली बॅटरी, वर सोलरची पाटी. अंधारलं की आपोआप चालू होणारा, रानडुकरं हाकलायला. हल्ली जुन्नर-आंबेगावात निम्म्या रानांत असे भोंगे ओरडत असतात. मालकानं आधी स्वतःचा आवाज भरून पाहिला होता, पण त्याचा आवाज बारीक, डुकरं खुशाल कणसं खात राहिली. तेव्हा दाजींनी, जायच्या आधीच्या हंगामात, त्याला हौसेनं आपला आवाज मोबाईलमध्ये भरून दिला होता. राखणीला बसलेला माणूस चोराला हटकतो तसा. तो आवाज त्यानं लावला मात्र यंदाच.

"मग लोक भूत म्हणत होते तेव्हा बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"पावणं, खरं सांगू का? भूत आल्यापास्नं माझं एक कणीस चोरीला गेलं न्हाई."

मी धावतच आक्काकडं गेलो. आता सगळा उलगडा होईल, टेम्पो येईल, मी पुन्हा शहाणा ठरेन. ती गोठ्यात शेण ओढत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्या दिशीच कळलं व्हतं. ह्यांचा आवाज मला कळायचा न्हाई व्हय?"

मग तिनं हळूहळू सांगितलं. गाजावाजा झाला तर लोक तो बंद करायला लावतील म्हणून ती कुणालाच काही बोलली नव्हती. टेम्पो येत नाही हे तिच्या पथ्यावरच पडलं होतं. रोज त्या वळणावरून जायला निमित्त मिळत होतं. मी बिबट्याचं नाव काढलं तर म्हणाली, "ते जवळ असताना कशाला येतंय जनावर? हाकलत्यात की ते."

दुपारी मी टेम्पोवाल्याला फोन करून भोंग्याचं सांगितलं. तो म्हणाला, यंत्र असू दे नाहीतर काही असू दे, मेलेला माणूस हाक मारतो त्या रस्त्यानं मी गाडी घालायचो नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी आक्कासोबत निघालो. आता भुताची भीती नव्हती, त्यामुळं दुसऱ्या भीतीला भरपूर जागा झाली होती. ती पुढं, डोक्यावर कॅन. मी मागं काठी घेऊन, खरं सांगायचं तर तिच्या पदराचं टोक धरून. वळण आलं. तिची चाल मंदावली. मक्यातून दाजींनी विचारलं, "कोण हाय रं तिकडं?" आणि ती तिथंच उभी राहिली, ऐकत.

मी मोबाईलची बॅटरी पाटाच्या बांधावर फिरवली. दोन डोळे चमकले.

तो भोंग्याच्या अगदी समोर बसला होता. मांजर उन्हाला बसतं तसा, पुढचे पाय पसरून. मी उजेड त्याच्यावर धरला आणि त्याच्या अंगावरचे ठिपके दिसायला लागले. वर दाजी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. डुकरांना हाकलायचं ते हाल, हाल, हाल. थांब, आलोच. बिबट्या पंजा चाटत होता. त्या आवाजानं त्याचा कानसुद्धा हलला नाही. आमच्या पायाखालचा खडा वाजला तेव्हा मात्र चाटणं थांबवून त्यानं सरळ आक्काकडं पाहिलं.

आक्कानं कॅन खाली ठेवली नाही. माझा हात धरला आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागं घ्यायला लागली. मी तिच्या आडोशाला होतो, हे लिहायला लाज वाटते, पण होतो. तो उठला. दोन पावलं आमच्या दिशेनं आला. थांबला. मग काय वाटलं कोण जाणे, वळून मक्यात शिरला. दाजींच्या आवाजाच्या अगदी खालून गेला.

घरी येऊन मी कडी लावली, मग तिच्यात काठीही अडकवली. आक्का भिंतीला टेकून बसली. दूध तसंच कॅनमध्ये होतं. म्हणाली, "ह्यांचं आता कोन ऐकत न्हाई."

सकाळी तिनंच मक्याच्या मालकाला आवाज बदलायला सांगितलं. तो कुरकुरला, पण ऐकलं त्यानं, आणि टेम्पोवाल्याला फोनही त्यानंच केला. त्या संध्याकाळी टेम्पो वस्तीच्या अंगणात आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही, काच अर्धीच खाली घेतली. आक्का दूध ओतत होती तेव्हा मक्यातून मालकाचा बारीक आवाज आला. पडसं झालेल्या माणसानं लाजत लाजत हाक मारावी तसा. टेम्पोवाला हसला. म्हणाला, "ह्यो चालंल. ह्यो जित्ता हाय."

आक्का हसली नाही. ओतता ओतता थोडं दूध बाहेर सांडलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि त्याला उद्या दिवस असताना यायला बजावलं.