पखवाजावरची ओली कणीक

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. हॉस्टेलवर कुणी भुताची गोष्ट काढली की पोरी एकमेकींना बिलगायच्या आणि मी शांतपणे त्यांच्या वाटणीची भजी संपवायचे. त्यामुळे "वैशाली, तुला भास झाला असेल" असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मी संगीतात एम. ए. केलं, पखवाज घेऊन. वर्गात मुलगी मी एकटीच. आमचं घर आता वारूळवाडीला आहे, पण त्याआधी आम्ही डिंभ्याला राहायचो आणि माझा हात बसला तो तिथे, कोंडाजीबुवांच्या ओसरीवर. बुवा गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. दिवसा शेती, नाहीतर धरणावर मासे धरायला, आणि संध्याकाळी पखवाज. डाव्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं, तरी असा घुमारा मी पुण्यातही ऐकला नाही. पोरगी पखवाज वाजवणार म्हणून मंडळातल्यांनी नाकं मुरडली तेव्हा बुवा म्हणाले होते, "तिला काय बघताय राव, तिचा हात ऐका की!"

पखवाज माहीत नसलेल्यांसाठी सांगते – वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडावर गव्हाची ओली कणीक थापतात. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी पडली तर रिकामा डबा वाजल्यासारखं होतं. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर चामडं सडतं. मला सगळं आलं, पण हे कणकेचं प्रमाण काही जमलं नाही. बुवाच लावून द्यायचे. दर वेळी म्हणायचे, "पुढल्या खेपेला तुझी तू लावायची."

आता माझं पाप सांगते. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मंचप्रदर्शनाची परीक्षा होती. बुवा पहिल्या एसटीनं पुण्याला आले, पिशवीत पीठ घेऊन. विंगेत बसून कणीक मळली, लावून दिली, आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. हातात कार्यक्रमपत्रिका. तिच्यात माझ्या नावाखाली गुरू म्हणून फक्त पुण्यात एम. ए.ला शिकवणाऱ्या सरांचं नाव होतं. ते मीच दिलं होतं... भजनी मंडळातल्या बुवांचं नाव लिहिलं तर लोक हसतील असं वाटलं मला. बुवांना वाचता येत होतं. नंतर एवढंच म्हणाले, "हात बरा चालला." पत्रिकेची नीट घडी घालून खिशात ठेवली. आणि परतीची एसटी धरली. मला माफी मागायची होती. दिवाळी झाली की डिंभ्याला जाऊन मागू, म्हटलं. दिवाळीनंतर बुवाच गेले.

दहाव्याला भजन झालं तेव्हा त्यांचा पखवाज मीच वाजवला. कणीक कशीबशी थापली होती. मग शेवटची गाडी चुकेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर काकूंच्या म्हणजे बुवांच्या बायकोच्या नजरेला नजर देववत नव्हती म्हणून, पखवाज तसाच कव्हरमध्ये घातला आणि पळाले. कणीक काढायची राहिली.

दोन महिन्यांनी माझी शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली. वारूळवाडीत भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी दोन पोरं बारावीला. रियाज करणार कुठे? काकूंचा निरोप आला, "इकडं ये. पखवाज बी आता तुझाच हाय." गेले. दुपारी कव्हरला हात घातला आणि तेव्हा आठवलं – कणीक! दोन महिन्यांत बुरशी, घाण वास, चामड्याची वाट लागलेली असणार. चेन उघडली. कणीक पांढरी, मऊ, ओली होती. बोट लावलं तर रुतलं.

धरणाच्या काठची दमट हवा, मी स्वतःला समजावलं. खरवडून काढली, कोंबड्यांना टाकली. त्यांनी चोची मारत खाल्ली, म्हणजे कणीक खरी होती. दुसऱ्या दिवशी जेवून आले, कव्हर उघडलं... पुन्हा कणीक. मला वाटलं, काकू.

"मी कशाला लावू?" काकू म्हणाल्या. "माझ्या घरात गव्हाचं पीठ हाय का बघ की. मी तांदळाची भाकर खाती." डबे उघडून दाखवले. गव्हाचं पीठ फक्त मी आणलेलं, आणि त्या पिशवीची गाठ मी बांधली तशीच होती.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी पखवाज पुसून कोरडा केला, चेनला छोटं कुलूप घातलं आणि तो दाखवायला जुन्नरला निघाले. तिथे रफीकचाचा पखवाज-तबल्याचं काम करतात, बुवांच्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, तेच चढवायचे. सगळ्या प्रवासात पखवाज मांडीवर होता, किल्ली पर्समध्ये. घोडेगावला गाडी बदलतानाही तो खाली ठेवला नाही. दुकानात पोहोचल्यावर चाचांसमोर कुलूप काढलं.

"वा," चाचा म्हणाले. "कणीक लावूनच आणली? एवढी बेताची तर बुवाच लावायचे."

कणकेवर बोटांचे ठसे होते. चार. मधल्या बोटाचा अर्धाच.

"बुवा गेले, चाचा. दिवाळीनंतर."

चाचांनी एकदा ठशांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात पुसले आणि पखवाज माझ्याकडे सरकवला. "चामडं एकदम चांगलं हाय, बेटी," हळूच म्हणाले. "मला यात काय करायचं नाय."

डिंभ्याला परत येऊन मी काकूंना सगळं सांगितलं. कार्यक्रमपत्रिकेचंही. मग विचारलं, "काकू, बुवा माझ्यावर रागावले होते का?"

काकूंनी तांदळातला खडा काढून टाकला. "राग न्हाई," त्या म्हणाल्या. "पुण्यावरनं आले, तो कागद देवळीत ठिवला. दोन दिस गप व्हते. मी लई इचारलं, तवा म्हन्ले, 'वाईट वाटलं.' बास. येवढंच."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. आणि काकूंना एक गोष्ट मी तेव्हाही सांगितली नाही. या वर्षीच्या परीक्षेचा फॉर्म जाऊन महिना झाला होता, आणि त्यातही गुरू म्हणून सरांचंच नाव होतं.

पुढचे अठरा दिवस रोज दुपारी कव्हर उघडायचं, रोज कणीक. पहिले काही दिवस ठेका धरला तरी कुणीतरी मागे बसून मात्रा मोजतंय असं वाटायचं, मान वळवायची हिंमत व्हायची नाही. आवाज मात्र असा लागायचा की काकू चूल सोडून दारात येऊन उभ्या राहायच्या. मग माणसाला सवय होते. कशाचीही होते. मी रात्री झोपू लागले, आणि परीक्षेच्या दिवशी पुण्याला निघाले तेव्हा पीठ सोबत घ्यायचं मला सुचलंही नाही.

मंचावर बसले. समोर बाहेरून आलेले परीक्षक, पहिल्या रांगेत सर. कव्हर उघडलं. डावं तोंड कोरडं ठणठणीत.

मी पुन्हा पुन्हा हात फिरवला.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"कणीक नाही..."

"पखवाजाच्या परीक्षेला कणीक आणली नाहीत?" मागे पोरं हसली.

"रोज बुवा लावून देतात." तोंडातून निघून गेलं.

"कोण बुवा?"

सर माझ्याकडेच बघत होते. खोटं बोलायला अजूनही जागा होती. माझा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. "माझे गुरू. डिंभ्याचे कोंडाजीबुवा. दहा वर्षं त्यांच्याकडेच शिकले."

परीक्षकांनी कागद चाळला. "हे नाव इथे नाही."

"मी लिहिलं नाही. दोन्ही वर्षं लिहिलं नाही. चुकलं माझं."

सरांनी खाली पाहिलं. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "पाच मिनिटं देतो."

कँटीनपर्यंत धावले. चपात्या करणाऱ्या मावशी मळलेला गोळाच देत होत्या, पण त्यात तेल-मीठ. कोरडं पीठ घेतलं, तिथेच मळलं, तशीच पळत आले. थापली. थाप मारली तर आवाज बसलेला. चिमूटभर काढली. अजून थोडी काढली. मग थाप मारली आणि तो घुमला... डिंभ्याच्या ओसरीवर घुमायचा तसाच. आयुष्यात पहिल्यांदा मला ते प्रमाण सापडलं होतं. मी रडत रडत चौताल धरला. पहिल्या आवर्तनात दोनदा चुकले, पुढे नाही.

वाजवून झाल्यावर कणीक खरवडण्याआधी नीट पाहिली. चार ठसे होते, चारही पूर्ण. माझेच.

पास झाले. सर आजही बोलतात, पण मोजकं. कणीक बुवांनी माफ केलं म्हणून थांबली, की माझं तोंड उघडावं म्हणून, हे कळायला मार्ग नाही. त्यानंतर ती एकदाही आली नाही. मी कव्हर उघडते तेव्हा अजूनही हात आधी डावीकडे जातो. पूर्वी भीती वाटायची की ओलं लागेल. आता कोरडं लागतं आणि चुकल्यासारखं वाटतं.

काकूंचा अधूनमधून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली आणून विचारतात, "आज हाय का गं?"

"नाही, काकू."

"असू दे," त्या म्हणतात. "तुझी तू लाव."