हेडक्लार्कांचा भाचा

आमच्या घराण्यात लिहायला-वाचायला शिकलेला पहिला माणूस मी, आणि त्या विद्येच्या जोरावर पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं.

घोटावड्याला आमची मेंढरं होती. मी फायनल पास व्हावं म्हणून चुलत्यानं माझ्या वाटचीही मेंढरं राखली, आत्यानं दोन वर्षं घरी ठेवून घेतलं. पास झाल्यावर चुलत्यानं स्वतःच्या लग्नातला कोट दिला. (त्यात मी आणि आणखी एक उमेदवार सहज मावलो असतो!) आता मास्तरकीसाठी पुण्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा होता.

"तितं आपलं कोन हाय?" आबांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं.

"कुनीच न्हाई."

"मग कशी घेत्याल तुला? पाटलाच्या पोराचा मामा तितं हेडक्लार्क हाय म्हनं!"

काळजीनं आबाही सोबत आले. कचेरीच्या ओट्यावर थांबलेल्या उमेदवारांत कुणाचा काका मामलेदार, कुणाचा मेव्हणा वकील. माझी पाळी येईतो धीर पार खचला! टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही कुणाचे?"

तोंडातून निघून गेलं, "हेडक्लार्कसाहेबांचा भाचा!"

"सख्खा?"

"सख्खा! त्यांच्याच मांडीवर वाढलो!"

गृहस्थांनी सावकाश चष्मा काढला. "मग मला ओळखलं कसं नाहीस रे?"

मी तर थरथरत होतोच, पण कोट माझ्याहून जास्त! आबा हात जोडून पुढे झाले. "रावसाब, चुकलं पोरगं. मामा हायेत त्याला, पर समदे मेंढरांमागं. घरच्या समद्यांनी मिळून ह्यो येकलाच शिकीवलाय. आमची शिफारस चालंल का?"

हेडक्लार्क दाखल्याकडे बघत राहिले. "सख्खा भाचा तिसऱ्या खेपेला काठावर सुटला, आणि हा उपटसुंभ पहिल्याच खेपेला एवढे मार्क घेऊन! ठेव अर्ज."

सख्ख्या भाच्याला पौडची पक्क्या इमारतीची शाळा मिळाली, मला कासारसाईच्या देवळाची ओवरी. (मामा तो मामाच!) तरी घरी गूळ वाटला.

आठवड्याभरानं आबा शाळा बघायला आले. आत बावीस पोरांचा गोंधळ. छडी आपटून हात दुखलेला, ओरडून ओरडून माझा घसाही बसलेला. आबांनी पायरीवरूनच मेंढरं वळवायचं एक "हुर्रर्र!" ठोकलं. सगळी पोरं चिडीचूप, मांडी घालून ओळीत!

शिक्षणानं घराणं वर जातं म्हणतात. आमचं त्या दिवशी आबांपासून माझ्यापर्यंत येता येता सरळ एक पिढी खाली घसरलं, आणि घसरवणारा एकटा मी, तोही फायनल पास!