गाठ मारायचा दिवस

कलाबाईला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चिखल्याच्या खदान कॉलनीत तिच्या क्वार्टरवरून कुणीही जावं, बाई आपली उंबऱ्यात बसलेली, मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि बोटांत क्रोशाची सुई. साखळी, खांब, खांब, साखळी. डोळे मात्र विणकामावर नसायचे, ते खदानीकडून येणाऱ्या रस्त्यावर.

ती पवनीकडच्या कोंढ्याची. माहेरी धानाची शेती. तिथे बांधावर गेलेल्या माणसाला हाक मारली की ओ यायची. इथे नवरा टिकाराम सकाळी सातला जमिनीच्या पोटात उतरायचा आणि तीनला वर यायचा. मधले आठ तास हाक मारायची सोय नाही. सत्तर साली लग्न होऊन आली, तेव्हा पहिले चार महिने तिने नुसतं घर झाडण्यात घालवले. शेजारच्या मंदाबाईंना तिची दया आली की त्या आवाजाचा वैताग आला, कोण जाणे, त्यांनीच एक दिवस सुई हातात दिली.

"घे वं हे. झाडून झाडून जमीन खरवडून टाकशील, बाप्पा!"

महिन्याभरात कला तयार झाली. पहिला रुमाल पुरा झाला त्या दुपारी तिने शेवटच्या टाक्यातून दोरा ओढला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि रुमाल माठावर घालून लांबून बघत बसली. तीनचा भोंगा झाला. साऱ्या चाळीचे नवरे आले, टिकाराम आला नाही. चार वाजले. पाच वाजले. साडेपाचला स्वारी आली, डबा हलवत. पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला म्हणून हा थांबला होता, आणि ज्याच्याजवळ निरोप दिला तो विसरला होता. एवढंच. टिकारामने चहा मागितला. कलाने चहा दिला आणि परसात जाऊन ओकली.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. नवरा खाली असताना विणकामाला गाठ मारायची नाही. शेवटचा टाका खुला, सुई त्यात अडकवलेली. गाठ मारायची ती रविवारी, सुट्टीचा माणूस खाटेवर घोरत डोळ्यांसमोर पडलेला असताना. ती स्वतःच या नियमाला हसायची. मोडायची मात्र तिची छाती झाली नाही.

मुलगी निर्मला हे बघतच मोठी झाली. ती सोळा वर्षांची असताना कलाबाईने तिच्या रुखवतासाठी मोठा टेबलक्लॉथ काढला होता. दोन वर्षं चाललेलं काम शेवटच्या फेरीवर आलं होतं. मंगळवारी माय चक्कीवर गेली, तेवढ्यात पोरीला वाटलं, आपण पुरा करून मायले खूश करावं. तिने फेरी संपवली, गाठ मारली आणि दोरा कात्रीने कापून टाकला. वाजले होते साडेअकरा.

कलाबाईने पिठाचा डबा खाली ठेवला, टेबलक्लॉथ पाहिला आणि पोरीच्या कानाखाली वाजवली. मग सुईने उकरून गाठ सोडवली, अख्खी फेरी उसवली आणि तो उसवलेला दोरा मुठीत घेऊन तीनपर्यंत दारात उभी राहिली. टिकाराम अगदी वेळेवर आला.

"काय झालं वं? पोरगी काहून रडून राहिली?"

कलाबाईने मुठीतला दोरा पदराआड केला. कलाबाईला फार वाईट वाटलं. पोरीला जवळ घ्यावं, चुकलं म्हणावं, असं हजारदा मनात आलं. ते राहून गेलं. पण एक गोष्ट तिने पक्की धरली: पोरीनं आपल्यासारखं घड्याळाकडे बघत जगायचं नाही. खदानीतली दोन चांगली स्थळं तिने नाकारली. टिकाराम चिडला, मंदाबाईंनी नावं ठेवली, पण बाई हटली नाही. एकोणनव्वदच्या वैशाखात निर्मला अड्याळच्या केवळरामला दिली. धानाची शेती, हाकेच्या अंतरावरचा नवरा. कलाबाईने सुटकेचा श्वास सोडला.

दिवाळीनंतर ती अड्याळला लेकीकडे गेली. विहीणबाई गोदावरीबाईंनी पाणी दिलं आणि लगेच तक्रारही.

"तुमची पोरगी गुणाची हाय जी. पण एक रुमाल पुरा करत असंल तं शपथ! सारे अर्धेच."

कोनाड्यात तीन रुमाल होते. तिन्ही शेवटच्या टाक्यावर थांबलेले, दोन टाके सेफ्टी पिनेत अडकवलेले, तिसऱ्यात सुई. गोदावरीबाई आत गेल्यावर तिने विचारलं, "हे काय वं? जावई तं बांधावर हायत. कोनासाठी खुला ठेवतं?"

निर्मलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"बाबा खाली हायत ना, माय."

"आन रविवारी? रविवारी तं घरीच रायत होते."

"इथून दिसते का मले, घरी हायत का नाही ते? तुयासारखे डोळ्यासमोर थोडीच असतेत."

कलाबाई लेकीशेजारी खाली बसली. पोरीला खदानीपासून एवढ्या लांब आणून टाकली, आणि खदान तिच्या आधी इथे येऊन बसली होती. तिला स्वतःचाच राग आला, त्या सुईचा आला, तीन वर्षांपूर्वीच्या त्या थपडेचा तर फारच आला.

"आयक. आज बुधवार. त्यायची सुट्टी बदलली, या हप्त्यापासून बुधवारची झाली. मी निघाली तवा खाटेवर पडून होते, मी माह्या डोळ्यानं पाहून आली."

"खरं?"

"तुही शपथ. मार गाठ."

निर्मलाने रुमाल उचलला, पण सुई पुढे सरकेना. "तू मार."

"नाही. तूच मारायची." कलाबाईने दोऱ्याचं टोक ताणून धरलं. "त्या दिवशी मी मारलं तुले. माहंच चुकलं होतं, बाई."

निर्मलाने डोळे पुसले, दोरा टाक्यातून ओढला आणि गाठ आवळली. कलाबाईने वाकून दोरा दातांनी तोडला. मग दुसरा रुमाल, मग तिसरा.

तिन्ही रुमाल मांडीवर घेऊन दोघी खिडकीशी बसल्या. टिकाराम घरी झोपलेला होता, दोघींनाही ते माहीत होतं. तरी तीन वाजेपर्यंत दोघींनीही घड्याळावरची नजर काढली नाही.