रफिकभाईंचा पहिला प्रश्न

भिंतीची ओल काढायचा धंदा असला की किस्से शोधावे लागत नाहीत. लोक आधी भिंत दाखवतात, मग कपाट सरकवतात, आणि बुरशीबरोबर घरातलं काय काय बाहेर येतं! मी सिव्हिलची डिप्लोमावाली, माझ्या हातात ओल मोजायचं मीटर. सोबत रफिकभाई, नगरचे जुने वॉटरप्रूफिंगवाले. त्यांच्याकडे मीटर नाही, नाक आहे. दारात उभे राहून ते एक लांब श्वास घेतात आणि प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच विचारतात, "खिडकी कधी उघडता?"

या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

*

मिरजगावचे एक व्यापारी म्हणाले, "उघडतो ना, रोज!"

रफिकभाईंनी कडीला हात लावला. कडी हलेचना. घराला दोनदा रंग दिला होता आणि रंगाऱ्याने दोन्ही वेळा खिडकी बंदच रंगवली होती.

"शेठ, रोज म्हंजे कंच्या साली?"

शेठ ओशाळले. "हायवेची लई धूळ येते हो. पण उघडावी असं मनात रोज येतं!"

*

भाईंच्या नाकाचाही एकदा पोपट झाला. सुप्याला एका कंपनीचं नवं ऑफिस होतं. भाई कोपऱ्यात थांबले. "मॅडम, हितं. पक्की ओल."

मीटर लावलं तर भिंत ठणठणीत कोरडी. पुन्हा लावलं, तेच. भाई काही हटेनात. शेवटी तिथला इंजिनिअर लाजत पुढे आला आणि त्याने टेबलाखालून मोजे काढले. सकाळी साइटवर पाण्यात पाय गेला होता, म्हणून वाळत घातले होते.

"मंग? ओल हाय का न्हाई?" भाई म्हणाले. "भिंतीचं नाव मी घेतलंच न्हाई!"

*

श्रीगोंद्याला नवं घर, वास्तुशांतीचा मुहूर्त चार दिवसांवर. रंगाआधी भिंत वाळली का बघायला आम्ही प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवतो. आत पाण्याचे थेंब जमले की रंग पुढे ढकलायचा. इथे रोज सकाळी प्लॅस्टिक कोरडं, आणि मीटर मात्र ओल दाखवतंय. मला वाटलं मीटरच बिघडलं!

मग भाईंना चिकटपट्टीवर पिठाची बोटं दिसली. मालकांच्या आई पदर सावरत म्हणाल्या, "भिंतीला घाम आलता, म्या पुसला. मुहूर्त जवळ आलाय, तिलाबी टेन्शन असंल!"

भाईंना हसू आवरेना. पूजा ठरल्या दिवशी कोऱ्या प्लास्टरवरच झाली, आणि रंग दिवाळीनंतर.

*

संगमनेरच्या मास्तरांकडे मात्र कुणी हसत नव्हतं. मास्तर निवृत्त, त्यांच्या बाईंना दमा. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आधी घरातली बुरशी घालवा. बाईंच्या उशाशीच भिंत काळी पडलेली.

"खिडकी कधी उघडता?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. बाईच दम खात म्हणाल्या, "अकरा वर्षं नाही उघडली. समोर भाऊजींची खिडकी आहे."

प्लॉटची वाटणी होऊन शेजारी शेजारी दोन घरं उभी राहिली होती. मध्ये तीन फुटांचा बोळ, आणि तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. समोरची खिडकीही बंदच. आम्ही भिंत खरवडली, औषध मारलं. मी स्पष्ट सांगितलं, हवा खेळली नाही तर बुरशी परत येणार. मास्तर म्हणाले, "बघू." त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे कळत होतं. बाईंचा तो शिट्टीसारखा श्वास मला ऐकवत नव्हता.

रफिकभाई सरळ शेजारच्या घरात गेले. तिकडच्या भिंतीलाही बुरशी होतीच. धाकट्या भावाला ते एवढंच म्हणाले, "तुमच्या वहिनीला श्वास मिळंना झालाय. बोळातली खिडकी रोज धा ते बारा उघडी ठेवा." परत येऊन मास्तरांनाही तीच वेळ सांगितली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भाई, दोघांना एकच वेळ?"

"वारं आरपार गेलं पायजे, मॅडम."

दोन महिन्यांनी आम्ही तपासायला गेलो. भिंत कोरडी. बाई स्वतः चहा घेऊन आल्या, आणि मध्ये न थांबता बोलत होत्या. मला फार बरं वाटलं. दुपारचे तीन वाजले होते, तरी दोन्ही खिडक्या सताड उघड्या.

मास्तरांनी भाईंना बाजूला घेतलं. "या ग्रिलचा एक गज कापून मिळेल का हो?"

"का? हवा येत न्हाई?"

"हवा येते. वाटीपण जाते," मास्तर म्हणाले. "पातेलं जात नाही."