नकाशावरची वादळं

पनवेलच्या शाळेत मी भूगोल शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. जगात कुठेही वादळ झाल्याचं रेडिओवर ऐकलं, की वाचनालयातल्या नकाशावर त्या समुद्रात मी टाचणी टोचायचो. एवढ्यावर स्वतःला हवामानशास्त्रज्ञ समजायचो. बंदरावरच्या मासेमारी मचव्यांचा म्होरक्या, एक म्हातारा तांडेल, रोज तिथे येई, चपला बाहेर काढी आणि हात मागे बांधून नकाशा बघत राही.

एकदा अरबी समुद्रात वादळ उठलं. मी ते परस्पर अरबस्तानाकडे पाठवून दिलं. "आपल्याकडे काही येत नाही," मी ठासून सांगितलं.

"बरं, मास्तर," म्हणत तो गेला, आणि त्याने सगळे मचवे खाडीत आत ओढून बांधायला लावले.

दुसऱ्या दिवशी वादळ आमच्यावरच आलं. मचवे वाचले, माझ्या घराची कौलं मात्र उडाली.

लाजेने मी नकाशा उतरवायला गेलो, तर तांडेल हजर.

"माझं ऐकलं नाहीत ते बरं झालं," मी म्हणालो.

"आपलं वादल आमाला वाऱ्यावरनं कलतं, मास्तर. मी येतो तो लांबची बघाया. जपानकडं परवा टाचणी मारलीत ना? तितली मचव्यावरची मानसं घरी आली का?"

रेडिओने ते सांगितलं नव्हतं. आणि इतक्या टाचण्या टोचूनही मला तो प्रश्न कधी पडला नव्हता.