दर नगामागे किती धूर

निवृत्त माणसाजवळ किस्से साचतातच. मित्र म्हणतात, "कारखान्यातले सांगा, हसू येईल!" येईल; परंतु यांतले बहुतेक मी आजवर मान वर करून सांगू शकलेलो नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात मी पर्यावरण-अहवाल लिहीत असे. आमचे सुटे भाग परदेशी जात. तिकडचा ग्राहक विचारी, "दर नगामागे कार्बन किती?" एके वर्षी तो आकडा घटला. पेढे वाटले गेले. आवारातली बाग सांभाळणाऱ्या, गंगापूरकडच्या मंदाबाईंनी पेढा हातातच धरला. "मंग धूर कमी झाला म्हणायचा?"

"नगामागे थोडासा झाला," मी म्हणालो. "नग मात्र दुप्पट निघाले."

"म्हंजी धूर वाढलाच की, सर!"

अहवालात मी 'लक्षणीय घट' लिहिले. 'दर नगामागे' हे शब्द तळटीपेत घातले.

*

त्याच ग्राहकाने आपल्या देशातली जुनी भट्टी बंद केली आणि ते काम आमच्याकडे धाडले. तिकडचे धुराडे निवले, इकडे नवे उभे राहिले. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ते धूरमुक्त झाले! अभिनंदनाचं पत्र लिहा." मी लिहिले. भाषा निर्दोष होती.

*

पर्यावरणदिनी एसी सभागृहात साहेब गरजले, "प्रदूषणाचं मूळ लोकसंख्या!"

मंदाबाई उठल्या. "माझी चार लेकरं पायी शाळंत जातेत, साहेब. तुमचा एकुलता कशानं जातो?"

इतिवृत्तात मी नोंदवले : 'चर्चा उद्बोधक झाली.'

*

मग दुष्काळ पडला. बजाजनगरात, मंदाबाईंच्या घरी, नळाला दहा-दहा दिवस पाणी येईना. कारखान्यातल्या रोपांसाठी मात्र रोज टँकर येई. रोपे अहवालात होती ना! मंदाबाईंनी रोज एक हंडा घरी न्यायला मागितला. साहेब म्हणाले, "रोपं वाळली तर ऑर्डर जाईल. आणि एक थेंब बाहेर गेला, तर तुमची नोकरी!" ती ताकीद लेखी करून मीच त्यांना वाचून दाखवली.

*

ग्राहकाकडच्या बाई पाहणीला आल्या. भर दुष्काळात हिरवीगार रोपे पाहून भारावल्या. दुभाषा मी. "एवढी जपलीत कशी, या बाईंना विचारा ना!"

मंदाबाई म्हणाल्या, "सांगा त्यायला, ह्या झाडायला रोज पाजते अन् माझी लेकरं तहानलेली हायेत. एक हंडा घरी नेऊ द्या म्हणावं."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी इंग्रजीत सांगितले, "ही रोपे म्हणजे आपली लेकरेच, असे त्या म्हणतात."

पाहुण्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मंदाबाईंचे दोन्ही हात हाती घेतले.

"काय म्हणल्या, सर? देतेत का?"

"हो," मी म्हणालो.

सायंकाळी भरला हंडा डोक्यावर घेऊन मंदाबाई मुख्य फाटकाकडे निघाल्या. मी मागच्या फाटकाने घरी गेलो.