ऑर्लिन हॉगनचं चाकांवरचं घर

आमच्या शेजारच्या ऑर्लिन हॉगनने तीस वर्षं गावातल्या घरांची सरकारी तपासणी केली. पायरीत एक खिळा सैल सापडला, तरी घरमालकाला उन्हात उभं करून अर्धा तास व्याख्यान द्यायचा. माझ्या गॅरेजला त्याने दोनदा नापास केलंय. तेव्हा मी निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये.

निवृत्त झाल्यावर त्याला मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, हवीशी झाली. बायकोला घेऊन डोंगर बघायचे, म्हणे. नवं परवडेना, म्हणून चोवीस वर्षं जुनं शोधून काढलं. विकणाऱ्या ग्लेंडा प्रूइट नावाच्या संगीतशिक्षिका. बाईंनी सफरचंदाचा केक पुढे ठेवला आणि याची जुनी नोकरी कळल्यावर म्हणाल्या, "तुमच्यासारख्या माणसाला मी काय दाखवणार?" झालं. स्वारी तिथेच विरघळली.

गाडीच्या मागेच शिडी होती. हा छपरावर चढला नाही. टायर कोणत्या सालचे, ते टायरवरच छापलेलं असतं. तेही वाचलं नाही. नुसता टायरच्या नक्षीवर हात फिरवला आणि ती झिजलेली नाही म्हणून खूश झाला. आत भिंतींना ताजा पांढरा रंग होता. दुसऱ्याच्या घरात असता तर नखाने खरवडून पाहिला असता.

त्याची बायको मार्लिस मागच्या पलंगापाशी थबकली.

"इथे पायाखाली दबतंय," ती म्हणाली. "आणि ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय."

"गालिचा जाड आहे. तुला यातलं काय कळतं?"

सगळं नीट तपासलंय, असं बाईंना सांगून चेक तिथल्या तिथे लिहिला.

पुढे दोन आठवडे त्याने सगळ्या गल्लीला गाडी आतून दाखवली. मी छपराचं विचारलं, तर असल्या छपरांना काही होत नसतं, असं मलाच समजावलं.

जूनमध्ये दोघं ब्लॅक हिल्सच्या डोंगरांकडे निघाले. पहिल्याच दिवशी टायर फुटला. दुसऱ्या दिवशी पावसाने गाठलं. तिसऱ्या सकाळी पलंगाशेजारच्या भिंतीला रंगाखाली फुगा आलेला दिसला. ऑर्लिनने तो बोटाने दाबला. बोट सरळ आत गेलं, तपकिरी पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि मागचं लाकूड भिजल्या पावासारखं हातात आलं.

जवळचा दुरुस्तीवाला शिडीवर चढला आणि पाच मिनिटांत उतरला. छपराचे सांधे कित्येक वर्षं उघडे पडलेत, आता भंगारात द्या, एवढंच बोलला.

"माझ्या पायाखाली दबत होतं ना?" मार्लिसने विचारलं.

ऑर्लिनने प्रूइटबाईंना फोन लावून कायदा ऐकवला. त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की सगळं नीट तपासलंय असं तुम्हीच मला सांगितलं होतंत.

मार्लिसने बहिणीला बोलावून घेतलं आणि तिच्या गाडीतून तीन आठवडे डोंगर पाहिले. ऑर्लिन बसने घरी आला.

हल्ली तो रोज सकाळी हायवेवरच्या कॉफीच्या दुकानात बसतो. जुनं मोटरहोम घ्यायला निघालेल्यांना टायरचं साल कसं वाचायचं, छपरावर कुठे दाबून बघायचं, ते शिकवतो. स्वतःच्या गाडीचं नाव काढत नाही. लोक लिहून घेतात. वर त्याच्या कॉफीचे पैसेही देतात.